'जी' लावण्याआधी

एनपीएम वापरणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना दोनच कमांड येतात: इन्स्टॉल, आणि काही बिघडलं की परत इन्स्टॉल. (कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप मात्र रोमनमध्ये करायच्या.) पण '-जी' लावून टाकलेलं पॅकेज तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये बसत नाही. मशीनवरच्या सगळ्या प्रोजेक्टना ते एकच. मेसचं वरण जसं एकाच पातेल्यातलं, खारट झालं की सगळ्यांच्या ताटात खारट.

म्हणून आधी बघायचं. 'एनपीएम आउटडेटेड -जी' काहीही बदलत नाही, फक्त यादी दाखवते. 'करंट' म्हणजे आपल्याकडचं व्हर्जन, 'लेटेस्ट' म्हणजे रजिस्ट्रीत तशी खूण असलेलं. आपल्याला या दोन कॉलमशीच काम आहे.

'एनपीएम अपडेट -जी' पुढे नाव न देता एंटर मारलंत, तर जुनी असतील ती सगळीच पॅकेजेस ती बदलायला घेते. एनपीएमच्या माहितीप्रमाणे ग्लोबल पॅकेजना कॅरेटची मर्यादा आहे असं धरलं जातं, म्हणजे एरवी पहिला आकडा तोच राहतो, पुढचे वाढतात. नक्की सगळ्यात नवीन हवं असेल तर नाव घेऊन सांगा: 'एनपीएम इन्स्टॉल -जी टाइपस्क्रिप्ट@लेटेस्ट'.

पहिला आकडा तोच राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. टाइपस्क्रिप्ट तो नियम पाळतच नाही. ४.८ वरून ४.९ वर जातानासुद्धा काल नीट चालणाऱ्या कोडवर नवीन एरर येऊ शकतात. सबमिशनच्या आदल्या रात्री हे कुणाला हवंय? आणि लॅबच्या मशीनवर तर शेजारच्या बॅचचा प्रोजेक्टही त्याच 'टीएससी'वर चालत असतो, त्यांना पत्ताही नसतो.

माझं मत, एका वेळी एकच पॅकेज, आणि जुना नंबर वहीत लिहून. मग परत यायला एक ओळ पुरते: 'एनपीएम इन्स्टॉल -जी टाइपस्क्रिप्ट@४.९.५'. त्याहून बरं म्हणजे कंपायलर प्रोजेक्टमध्येच 'सेव्ह-डेव्ह'ने टाकावा आणि 'एनपीएक्स टीएससी' म्हणून चालवावा. मग ग्लोबलवाल्याचं काही का होईना!

नवीन म्हणजे चांगलंच, असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये फसव्या ईमेलने एका मेंटेनरचं अकाउंट हातात घेऊन चॉक, डीबग अशा रोजच्या पॅकेजेसची घातक व्हर्जन्स रजिस्ट्रीत चढवली गेली. लवकरच काढलीही, पण तेवढ्या वेळात लेटेस्ट म्हणजे नेमकी तीच होती. त्यामुळे व्हर्जन निघाल्यानिघाल्या उडी मारण्यापेक्षा दोन-चार दिवस थांबलेलं बरं.

लिनक्सवर परवानगीची एरर आली तर लगेच सुडो लावू नका, एनव्हीएम वापरा. मात्र त्यात प्रत्येक नोडची ग्लोबल पॅकेजेस वेगळी असतात. नवीन नोड टाकल्यावर ती गायब झाल्यासारखी वाटतील, पण असतात जुन्या नोडच्या फोल्डरमध्येच. इन्स्टॉल करताना 'रीइन्स्टॉल-पॅकेजेस-फ्रॉम' हा पर्याय दिलात की नवीनमध्येही येतात.