प्रकाशाने अणू थंड होतो!

उन्हात वस्तू तापते; मग प्रकाशाने ती थंड कशी होईल? उमेळ्याजवळून शिटी वाजवीत जाणारी आगगाडी आठवा. येताना शिटीचा स्वर चढा, जाताना उतरता. लेसरकडे धावणाऱ्या अणूलाही प्रकाशाची कंप्रता अशीच वाढलेली भासते. म्हणून ती मुद्दाम किंचित कमी ठेवतात. मग ती समोरून येणाऱ्या अणूलाच जुळते. प्रकाशाचा कण शोषताच अणूला उलटा धक्का बसतो. नेहमीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर धावतो; एका धक्क्याने हा वेग जेमतेम ६ मिलिमीटरने घटतो. भागाकार करून पाहा: सुमारे ५०,००० धक्के! अणू मंदावणे म्हणजेच वायू थंड होणे. पुण्याच्या आयसर संस्थेत असेच थंड केलेले अणू अभ्यासले जातात.