गाठ लपवू नये

थोरली जाऊ म्हशीची धार काढून घरात आली. ती ५२ वर्षांची होती. चरवी खाली ठेवून ती डाव्या छातीवर हात धरून उभी राहिली. धाकटीने ते पाहिले.

"काय झालं, आक्का?"

"काही नाही गं. सुपारीएवढी गाठ आहे. पोळ्यापासून आहे."

"पोळ्यापासून? आता दिवाळी झाली की!"

"दुखत नाही. मग कशाला बोभाटा? माघात लेकीचं लगीन. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर?"

धाकटी गप्प बसली नाही. तिने आशाताईंना बोलावले. दुसऱ्या दिवशी तिघी एसटीने तालुक्याला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी हाताने तपासले. मग जिल्ह्याच्या इस्पितळात स्तनाचा फोटो काढला. सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासला.

काही दिवसांनी निकाल आला. कर्करोग नव्हता. पण गाठीतल्या काही पेशी बदललेल्या होत्या.

"पेशी म्हणजे काय, बाई?" धाकटीने विचारले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भिंत विटांची असते, तसं आपलं शरीर पेशींचं असतं. पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक पेशीत एक पोथी असते असं समजा. काय काम करावं, कधी वाढावं, कधी थांबावं, हे सारं तिच्यात लिहिलेलं असतं. डोळ्याच्या पेशीत आणि स्तनाच्या पेशीत पोथी एकच. पण डोळ्याची पेशी आपल्या कामाची पानं वाचते. बाकीची मिटलेली राहतात."

"मग बिघडतं कुठं?"

"एका पानावर लिहिलेलं असतं, 'आता पुरे, वाढू नकोस.' ते पान कधी कधी चिकटून बसतं. जणू त्यावर खळ सांडली. अक्षरं शाबूत असतात, पण पेशीला वाचता येत नाहीत. हुकूम कळला नाही, की पेशी वाढत सुटते. वय वाढतं, तशी काही पानं आपोआपही चिकटतात. एक पान चिकटलं म्हणून कर्करोग होत नाही. पुढं आणखी पानं चिकटतात, काही अक्षरंही बिघडतात, तेव्हा तो होतो. त्याला बहुधा पुष्कळ वर्षं लागतात. तेवढा वेळ आपल्या हाती असतो. गाठ लपवली, की तो वेळ वाया जातो."

थोरलीने हळूच विचारले, "हे माझ्या लेकीला लागंल का?"

"स्तनातलं चिकटलेलं पान आईकडून लेकीकडं जात नाही. हा रोग शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं होत नाही. काही घराण्यांत मात्र पोथीतलं अक्षरच चुकीचं चालत येतं. आई, बहीण, मावशी, आत्या यांना हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावं."

"मग मला धोका किती?"

"अशा पेशी असलेल्या बाईला धोका इतर बायांच्या सुमारे चौपट. तरी अशा बहुतेक बायांना कर्करोग होत नाही. आपण गाठ काढून टाकू. मग दर वर्षी तपासायला यायचं. चुकवायचं नाही."

थोरलीची गाठ काढली. माघात लेकीचे लग्न झाले. आता ती दर दिवाळीनंतर तपासून येते. शेजारणींनाही सांगते.

मुंबईत काय दिसले?

१९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांत एक मोठे काम सुरू केले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बाया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या बायांना शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी तपासत. तपासणी नुसत्या हाताने होई. यंत्र लागत नसे. २० वर्षांचा हिशेब २०२१ साली छापून आला. तपासलेल्या बायांत रोग आधीच्या पायरीवर सापडला होता. पन्नाशीपुढच्या बायांत जिथे १०० मृत्यू झाले असते, तिथे सुमारे ७० झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत असा फरक दिसला नाही.

हे ध्यानात ठेवा

१. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.

२. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखण्याची वाट पाहू नये.

३. काखेत गाठ आली, बोंड आत ओढले गेले, बोंडातून रक्त आले, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर लगेच दाखवावे.

४. मूल अंगावर पाजल्याने धोका थोडा कमी होतो. दारूने वाढतो.

५. सुईला भिऊ नये. तपासणी टाळण्यातच खरा धोका आहे.

सांगा पाहू

१. थोरलीने गाठ का लपवली होती?

२. पान चिकटले म्हणजे पेशीचे काय होते?

३. तुमच्या गावात अशी तपासणी कुठे होते? आशाताईंना विचारून लिहा.