एका केसाचा कुंचला खरंच असतो का?

प्रश्न : मी घरच्या घरी राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रांच्या नकला करते. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या, तेवढंच शिक्षण. चेहरा काढायला घेतला की रेष जाड होते. जुने चित्रकार एकाच केसाच्या कुंचल्याने काम करत, असं ऐकलं. हे खरं का? आणि तसा कुंचला मिळाला तर माझा हात सुधारेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ऐकलंत ते अर्धं खरं आहे. कुंचल्यात केस पुष्कळ असतात, टोकाला मात्र एकच उरतो. खारीच्या शेपटीचे केस टोकं जुळवून बांधायचे आणि कबुतराच्या पिसाच्या पोकळ देठात ओवायचे, अशी ही जुनी रीत. मधले केस रंग धरून ठेवतात, टोकाचा केस तो कागदावर सोडतो. नुसता एकच केस घेतला तर रंग राहणार कुठे? रेष सुरू होण्याआधीच संपेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. शून्य किंवा दोन शून्य क्रमांकाचा, टोक नीट जुळणारा सिंथेटिक ब्रश तुम्हाला पुष्कळ दिवस पुरेल. चार-पाच शून्यांचे ब्रश नवशिक्याला मदत करण्याऐवजी छळतात, कारण त्यांच्यात रंग इतका थोडा मावतो की कागदाला टेकेपर्यंत वाळून जातो. कुणी मुंगसाच्या केसांचा ‘खास’ ब्रश देऊ केला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुंगूस संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशांचा व्यापार हा गुन्हा आहे. खारीलाही तिच्या शेपटीसह सुखात राहू द्या.

रेष जाड होते ती बहुतेक वेळा ब्रशातल्या रंगामुळे आणि हाताच्या ठेवणीमुळे. रेषेचा रंग पातळ ताकासारखा हवा. ब्रश भरला की लगेच चित्रावर नेऊ नका. एखाद्या फालतू कागदावर टोक हलकेच फिरवून जादा रंग काढा आणि टोक जुळवून घ्या. ब्रश जवळजवळ उभा धरा, करंगळीचा आधार कागदावर ठेवा आणि रेष स्वतःकडे ओढा. वळण आलं की मनगट मुरडण्यापेक्षा कागद फिरवा. जमिनीवर बसून, गुडघ्याच्या आधाराने फळी धरून काम करण्याची जी पारंपरिक बैठक आहे, तिचा फायदा हाच. चित्र डोळ्यांजवळ येतं आणि हवं तसं वळवता येतं.

प्रश्न : मग आधी नुसत्या रेषाच गिरवायच्या का? पूर्ण चित्र केल्याशिवाय उत्साह टिकत नाही.

उत्तर : पूर्ण चित्र एकट्याने करायचं हा हट्ट अकबराच्या चित्रशाळेतल्या उस्तादांनीही धरला नव्हता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ‘अकबरनामा’ची चित्रं आहेत. त्यांच्या समासात कुणी काय केलं याच्या नोंदी सापडतात. एकाने मांडणी केली, तिला ‘तरह’ म्हणत. दुसऱ्याने रंग भरले, ते ‘अमल’. काही वेळा चेहऱ्यासाठी तिसराच माणूस असे. जहांगीराने तर आपल्या आठवणींत अशी बढाई मारली आहे की चेहरा एकाचा आणि त्यातले डोळे आणि भुवया दुसऱ्याच्या असल्या, तरी कोणतं काम कुणाचं हे मी ओळखेन. बादशहाच्या नजरेबद्दल काय वाटायचं ते वाटो, पण त्या काळीही कामाचे तुकडे पडत होते हे यावरून कळतं.

तुम्हीही तुकडे पाडा. ‘स्याह कलम’, म्हणजे काळ्या शाईच्या रेषांचं काम, हा सुरुवातीचा चांगला टप्पा आहे. एका बैठकीत फक्त डोळा, दुसऱ्या बैठकीत कान, मग हाताची बोटं, मग केसांची बट. चेहरा आधी एकचश्मी, म्हणजे बाजूने दिसणारा घ्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच सलग रेष येते आणि तिथेच हात पक्का होतो. हेच सगळं आधी दुप्पट आकारात काढा आणि जमलं की मूळ मापावर या. उत्साहासाठी पूर्ण काहीतरी हवंच असेल, तर एखादं केळीचं झाड किंवा एक पक्षी घ्या. ते पूर्ण चित्रही होतं आणि धडाही.

नक्कल करण्यात कमीपणा मानू नका. पहाडी चित्रांच्या शैलीचा पाया कुटुंबात आहे, राज्यात नाही, हे कलाइतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी १९६८ साली ‘मार्ग’ नियतकालिकातल्या लेखात मांडलं. गुलेरचे पंडित सेऊ, त्यांचे मुलगे मानकू आणि नैनसुख, आणि पुढे त्यांची मुलं, अशी ती परंपरा. अशा घरांत आराखडे जपून ठेवले जात. रेषांवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद नव्या पानावर ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. खाली ठिपक्यांत आकृती उमटते. याला खाका म्हणतात. तुम्ही बटर पेपरवर हेच करू शकता. मांडणी आयती मिळाल्यामुळे सगळं लक्ष रेषेवर राहतं.

प्रश्न : माझे रंग सपाट बसत नाहीत, ढगाळ दिसतात. महाग रंग घ्यावेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रंगांच्या आधी कागद तपासा. साध्या ड्रॉइंग पेपरवर किंवा खरबरीत जलरंगी कागदावर हे काम होत नाही. परंपरेने वापरतात ती वसली. हातकागदाचे काही ताव मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वजनाखाली वाळवायचे आणि अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करायचे. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असतं, तेव्हा हात धुवा आणि घरातलं भांडं वापरू नका. आपल्याकडे हातकागद दुर्मीळ नाही. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची ओळखच हातकागदाने झाली आहे आणि पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासूनची आहे. वसलीची खटपट नको असेल, तर ३०० जीएसएमचा ‘हॉट प्रेस’ जलरंगी कागद चालेल. तो मुळातच गुळगुळीत असतो.

आता क्रम बघा. आराखड्यावर आधी पांढऱ्याचा इतका पातळ हात द्यायचा की खालची रेष अंधूक दिसत राहील. मग ती रेष पुन्हा पक्की करायची. त्यानंतर मोठे भाग : आकाश, जमीन, भिंत. मग कपडे, शेवटी चेहरे, आणि दागिने अगदी शेवटी. प्रत्येक रंग एका जाड थरात न देता तीन-चार पातळ थरांत द्या आणि पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. ढग येतात ते बहुधा इथेच. अर्धवट ओल्या थरावर ब्रश फिरला की खालचा रंग उचलला जातो.

थर वाळले की चित्र काचेवर किंवा संगमरवरी फरशीवर पालथं ठेवून मागून घोटतात. रंग दाबला जातो, पृष्ठभाग एकसारखा होतो आणि त्यावर पुढची बारीक रेष सरळ धावते. मीनाकारीसारखी जी झळाळी तुम्ही संग्रहालयात पाहता, तिच्यात या घोटण्याचा मोठा वाटा आहे.

छटा देताना रंग पसरवून मिसळायचा नाही. मूळ रंगापेक्षा किंचित गडद रंग घ्यायचा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशाने बारीक बारीक फटकारे गालाच्या, दंडाच्या गोलाईप्रमाणे देत जायचं. याला परदाज म्हणतात. शेवटची बाह्यरेषाही सरसकट काळी करू नका. त्वचेला गेरूकडे झुकणारी तांबूस, पिवळ्या वस्त्राला तपकिरी रेष द्या. चेहरे जाडेभरडे दिसण्याची निम्मी तक्रार एवढ्याने मिटते.

महाग रंगांची घाई नाही. गोंदयुक्त अपारदर्शक जलरंग, ज्यांना गुआश म्हणतात, ते उत्तम. सरावाला पोस्टर कलरही चालतील.

प्रश्न : पूर्वीचे रंग दगडांपासून आणि म्हणे गोमूत्रापासून करत. ते घरी करून पाहावेत का?

उत्तर : माहिती जरूर करून घ्यावी, प्रयोग बेतानेच करावेत. निळ्यासाठी बदख्शानचा लाजवर्द दगड आणि नीळ, हिरव्यासाठी मॅलकाइट, लालसाठी हिंगूळ, तांबूससाठी गेरू, काळ्यासाठी काजळी, हे सगळं वापरात होतं. गोमूत्रापासूनच्या पिवळ्या रंगाची, पेवडीची, हकीकत त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ साली लिहिली. बिहारमधल्या मुंगेरजवळच्या एका गावात गाईंना आंब्याची पानं खायला घालून तो मिळवत, असं त्यांनी नोंदवलं आहे. त्यात गाईंचे हाल होत. बसोलीच्या चित्रकारांनी तर पाचूचे दागिने दाखवायला भुंग्याच्या चमकदार पंखांचे तुकडे चिकटवले आहेत.

घरी करायचंच तर गेरू आणि काजळी घ्या. पूड भरपूर खलायची, पाण्यात निवळून घ्यायची आणि बाभळीच्या डिंकाचं पाणी घालायचं. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. हिंगुळात पारा असतो, हरताळात आर्सेनिक. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : चांगली चित्रं कुठे पाहावीत? मोबाइलवर पाहून काढलं तर चालेल का?

उत्तर : मोबाइलवर चित्र हवं तितकं मोठं होतं, म्हणून मापाचं भान सुटतं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि क्लीव्हलंडचं कलासंग्रहालय यांच्या संकेतस्थळांवरून कितीतरी भारतीय लघुचित्रं मोफत उतरवून घेता येतात. तिथे प्रत्येक चित्राचं मापही दिलेलं असतं. त्याच मापात छापून घ्या. पुष्कळ पहाडी पानं साधारण वीस बाय तीस सेंटिमीटरची असतात. त्यातला चेहरा नखाएवढा आहे हे दिसलं की किती तपशील गाळायचा तेही कळतं.

मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांसाठी वेगळा वेळ काढा. दालनभर फिरण्याऐवजी दोनच चित्रांसमोर थांबा आणि रेष कुठे जाड, कुठे बारीक होते ते टिपून घ्या. आपल्या मातीतही ही कला होती. अहमदनगरच्या हुसेन निजामशहावरचं सोळाव्या शतकातलं सचित्र काव्य, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. दख्खनी चित्रांची छापील पुस्तकं मिळाली तर त्यातली रंगसंगती अभ्यासा. ती राजस्थानीपेक्षा अगदी वेगळी आहे.

प्रश्न : नकला करत राहिले तर माझं स्वतःचं काही उरेल का? आणि प्रगती होतेय हे कसं ओळखायचं?

उत्तर : चित्रकार शाहझिया सिकंदर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये त्या हीच पारंपरिक पद्धत कसून शिकल्या आणि १९८९-९०मध्ये त्यांनी ‘द स्क्रोल’ केलं. तंत्र जुनं होतं, पण चित्रात घर, खोल्या आणि त्यांतून फिरणारी एक तरुणी आजची होती. नकलेने त्यांचं काही हिरावलं गेलं नाही. हात तयार असल्यामुळे त्यांना म्हणायचं होतं ते म्हणता आलं.

प्रगती मोजायला एकच डोळा पुरे. आज काढलेल्या डोळ्यावर तारीख घाला आणि दर महिन्याला तोच डोळा, त्याच मापात, त्याच ब्रशाने पुन्हा काढा. पापणीची रेष एका दमात आली, टोकाकडे आपोआप निमुळती झाली आणि खोडावंसं वाटलं नाही, की पुढचा धडा घ्या. तोपर्यंत नवा ब्रश विकत घेऊ नका.