यरुशलेमच्या विधवा आणि आपली शिधापत्रिका



प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, ओवी १ ते ६ हा उतारा पास्काकाळात मिस्सामध्ये वाचला जातो. तो ऐकताना आपले लक्ष बहुधा संत स्तेफन ह्याच्याकडे जाते. पण त्या प्रसंगाचे मूळ एका अगदी घरगुती तक्रारीत आहे. यरुशलेमच्या ख्रिस्तसभेत विधवांना रोज अन्न वाटले जाई आणि त्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या कुटुंबांतल्या विधवा राहून जात होत्या. त्यांना मुद्दाम वगळले होते की भाषेमुळे, ओळखीअभावी त्या सुटल्या होत्या, हे संत लूक सांगत नाही. राहून गेल्या, एवढेच तो सांगतो.

प्रेषितांनी ही तक्रार उडवून लावली नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावले आणि सात विश्वासू माणसे निवडायला सांगितली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या बायका उपाशी राहत होत्या, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले असावे. मग त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करण्यात आली. धान्यवाटपाचे काम ख्रिस्तसभेने एवढे पवित्र मानले.

आज आपल्या धर्मग्रामात कोण राहून जात आहे, हे पाहण्यासाठी सरकारी नियमांची थोडी ओळख हवी. विषय रुक्ष आहे, पण मिस्सानंतर आवारात धर्मगुरूंना सर्वांत जास्त विचारले जाणारे प्रश्न ह्याच विषयाचे असतात.

केशरी कार्ड आहे, मग धान्य का नाही?

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वर्षाचे उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि एक लाखाच्या वर पांढरी. ह्याशिवाय केशरी कार्डासाठी कुटुंबाकडे चारचाकी नसावी (टॅक्सीचा अपवाद), अशाही अटी होत्या. पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला आणि फेब्रुवारी २०१४ पासून आपल्या राज्यात लागू झाला. तेव्हापासून धान्य रंगावर मिळत नाही. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि 'प्राधान्य कुटुंब' ठरलेल्यांना माणशी ५ किलो मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते मोफत देण्याचे केंद्र सरकारने ठरवले आहे. केशरी कार्डधारकांपैकी ज्यांचे वार्षिक उत्पन्न शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपयांच्या आत आहे, तेच प्राधान्य यादीत येऊ शकतात. म्हणून दोन शेजाऱ्यांकडे एकाच रंगाचे कार्ड असूनही एकाला धान्य मिळते, दुसऱ्याला नाही.

हे आकडे जरा महिन्यावर आणून पाहा. ५९,००० म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. वसई-विरारमध्ये एवढ्यात खोलीचे भाडे तरी निघते का? पिवळ्या कार्डाचे १५,००० म्हणजे दिवसाला ४१ रुपये. जो नियम महागाईबरोबर हलत नाही, तो न बदलताच दरवर्षी अधिक कडक होत जातो. घरकाम करणारी बाई महिन्याला आठ हजार कमावते म्हणून कागदावर 'सधन' ठरते.

दुसरी अडचण संख्येची. महाराष्ट्राला ह्या कायद्याखाली सुमारे सात कोटी लाभार्थींची मर्यादा ठरवून दिली आहे आणि तिचा आधार २०११ ची जनगणना आहे. जागा भरलेल्या असतील तर पात्र कुटुंबालाही थांबावे लागते. ह्याचा सरळ अर्थ असा की, बंगला आणि गाडी असूनही ज्याने जुने नाव यादीत राहू दिले आहे, तो एका गरिबाच्या जागेवर बसला आहे. 'आम्ही धान्य उचलतच नाही, कार्ड नुसते असू द्या' असे म्हणणाऱ्यांनीही ह्याचा विचार करावा. सातवी आज्ञा तिजोरी फोडणाऱ्यासाठीच आहे असे नाही.

मग उत्पन्नाचा दाखला कमी रकमेचा काढणाऱ्या त्या घरकामवाल्या बाईचे काय? खोटे ते खोटेच, हे खरे. तरीही ह्या दोघांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. अवास्तव मर्यादेमुळे गरिबाला खोटे बोलण्यावाचून मार्ग उरत नसेल, तर त्या पापाचा वाटा नियम करणाऱ्यांकडेही जातो. अन्यायाचे कायदे लिहून विधवांचा हक्क हिरावणाऱ्यांना यशया संदेष्ट्याने (अध्याय १०) धिक्कारले आहे. पोप जॉन तेविसावे ह्यांनी १९६३ सालच्या 'पाचेम इन तेरीस' ह्या परिपत्रकात अन्न, औषधोपचार आणि आजारपणात, वैधव्यात, म्हातारपणी मिळणारा आधार हे माणसाचे हक्क म्हणून मांडले. मर्यादा वाढवून मागणे हे भीक मागणे नव्हे.

दवाखान्याचा नियम मात्र सैल झाला

आरोग्य योजनेचा प्रवास उलट दिशेने झाला आणि हे अनेकांना ठाऊकच नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ साली ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. पिवळ्या-केशरी कार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत. पांढरे कार्डवाले बाहेर होते. त्यामुळे कित्येक कुटुंबे केवळ दवाखान्याच्या भीतीने केशरी कार्ड धरून राहिली.

शासनाने २८ जुलै २०२३ रोजी निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. आता पांढरे कार्ड असलेली कुटुंबेही योजनेत आहेत आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपये आहे. म्हणजे रंग धरून बसण्याचे जुने कारण उरलेले नाही. ज्यांना धान्याची गरज नाही त्यांनी निर्धास्तपणे नाव सोडावे.

ह्याशिवाय ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी वेगळे कार्ड मिळते. त्यासाठी आधार कार्ड लागते. आपल्या वाड्यांतील किती आजी-आजोबांनी ते काढले आहे?

एक गैरसमज दूर करावा. ह्या योजना फक्त यादीतील रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी आहेत. नेहमीच्या ताप-खोकल्याच्या औषधांचे पैसे त्यांतून मिळत नाहीत. रुग्णालयात गेल्यावर आधी 'आरोग्यमित्र' कुठे बसतो ते विचारावे, पैसे भरून झाल्यावर नव्हे.

नावातला एक काना

आपल्या लोकांचे घोडे बहुतेक वेळा अडते ते नावापाशी. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आंतोन, शाळेत अंथोनी, आधारवर आणखी तिसरेच. डिसोजा-डिसोझा, लोपीस-लोपेज ह्या फरकांवर आपण हसतो, पण मशीन हसत नाही. लग्न होऊन आलेल्या मुलींची नावे माहेरच्या कार्डावरून कमी न झाल्याने सासरी चढत नाहीत, हेही नेहमीचेच.

त्यात आता ई-केवायसी आली आहे. कार्डावरील प्रत्येकाने रेशन दुकानातील मशीनवर अंगठा देऊन आधारशी जुळणी करायची असते, लहान मुलांसकट. तिची मुदत अनेकदा वाढवली गेली, पण न करणाऱ्यांचे धान्य बंद होण्याची भीती कायम राहिली. जन्मभर वाडीत राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या आहेत, त्यांचा अंगठा लागत नाही. अशांसाठी डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय आहे. 'अंगठा लागत नाही, परत या' एवढ्यावर कोणी म्हाताऱ्याला परत पाठवत असेल तर सोबतच्या माणसाने तिथे ही सोय मागावी. खाटेवरून न उठणाऱ्यांसाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.

पोच घेणे विसरू नये. नाव कमी झाले तर कारण लेखी मागण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि अन्न सुरक्षा कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व राज्य अन्न आयोग ह्याचसाठी नेमले आहेत. त्याच कायद्यानुसार घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख असते, हेही विधवा भगिनींनी लक्षात ठेवावे. नवरा गेला म्हणून कार्ड मरत नाही.

ह्या महिन्यात वाडीवरील प्रार्थनासभेत हाच उतारा वाचावा आणि नंतर एकेक घर डोळ्यांसमोर आणावे: एकट्या राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या, बाहेरगावाहून भाड्याने आलेल्या, आदिवासी पाड्यांवरच्या. कोणाची ई-केवायसी राहिली, कोणाचे सत्तरीचे कार्ड काढायचे आहे, हे तरुणांनी विचारून घ्यावे. बाप्तिस्मा किंवा लग्नाच्या दाखल्याची प्रत हवी असल्यास कार्यालयात येताना शक्यतो साल आणि आईवडिलांची नावे लिहून आणावीत, म्हणजे नोंदवहीत शोधणे सोपे जाईल.