मोटारीतला माईक मुका का होतो?

‘अहो, तुमचं काहीच ऐकू येत नाही!’ मोटारीत बसून फोनवर बोलणाऱ्याला पलीकडून असे उत्तर मिळते. गंमत अशी, की हे उत्तर मात्र त्याला मोटारीच्या स्पीकरमधून खणखणीत ऐकू येत असते. लगेच निष्कर्ष निघतो : ‘माईक गेला.’ नवा माईक आणून बसवला जातो, आणि पुष्कळदा तक्रार होती तेथेच राहते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न लहान दिसला तरी क्षुल्लक नाही. माईक बंद पडला, की चालक नकळत फोन हातात घेतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तीनुसार गाडी चालवताना हातात धरून वापरायच्या संपर्कसाधनाचा उपयोग करणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. युरोपीय संघात तर ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांत अशी यंत्रणा सक्तीची आहे, की मोठा अपघात झाल्यास गाडी आपण होऊन ११२ या क्रमांकाशी संपर्क साधते. अशा वेळी जखमी माणसाचा आवाज बाहेर पोचवण्याचे काम गाडीतला माईकच करतो.

तेव्हा माईक मुका झाला, तर दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधावे? त्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा विचारांची शिस्त अधिक उपयोगी पडते. ती शिस्त आपण या लेखात पाहू.

आवाजाचा प्रवास

चालकाच्या तोंडून निघालेला आवाज पलीकडच्या माणसाच्या कानी पडेपर्यंत अनेक टप्पे ओलांडतो. त्यांची एक साखळी मांडू.

१. तोंडापासून माईकपर्यंतची हवा.
२. माईक. हा बहुधा छतावरील दिव्याजवळ, लहान छिद्रांच्या जाळीमागे बसवलेला असतो.
३. माईकपासून डॅशबोर्डातील म्युझिक सिस्टिमपर्यंत जाणारी तार व तिच्या जोडण्या.
४. म्युझिक सिस्टिममधील विवर्धक आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारे मंडल. प्रतिध्वनी काढून टाकण्याचे कामही येथेच होते.
५. म्युझिक सिस्टिमपासून फोनपर्यंतचा ब्लूटूथ रेडिओ-दुवा.
६. फोन आणि त्यापुढील दूरध्वनीचे जाळे.

साखळीची कोणतीही एक कडी तुटली, तरी पलीकडे ऐकू येणारा परिणाम एकच : शांतता. म्हणूनच केवळ शांततेवरून ‘माईक गेला’ असे म्हणणे म्हणजे घरातला दिवा लागत नाही म्हणून लगेच बल्ब बदलण्यासारखे आहे. वीजच गेली असेल, तर नवा बल्ब काय करणार?

माईकच्या पोटात

मोटारींत वापरले जाणारे मायक्रोफोन बहुतांशी ‘इलेक्ट्रेट’ प्रकारचे असतात. हा माईक १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी तयार केला. चुंबकाभोवती कायम चुंबकीय क्षेत्र असते, तसा ज्या पदार्थात विद्युत्‌भार दीर्घकाळ टिकून राहतो त्याला इलेक्ट्रेट म्हणतात.

हा माईक म्हणजे मुळात एक धारित्र, ज्याला दुकानात कपॅसिटर म्हणतात. त्याची एक पट्टिका म्हणजे अतिशय पातळ पडदा, दुसरी स्थिर. दोहोंमध्ये हवेची अरुंद फट. धारित्रावरील भार Q, धारकता C आणि विभवांतर V यांचा संबंध तुम्हांस ठाऊक आहे : भार = धारकता × विभवांतर. येथे भार स्थिर आहे. आवाजाने पडदा थरथरला, की फट कमीजास्त होते, धारकता बदलते आणि त्यामुळे विभवांतर बदलते. समजा, विभवांतर १०० व्होल्ट आहे आणि आवाजामुळे फट एक लक्षांशाने वाढली. तर विभवांतरातही एक लक्षांशाची, म्हणजे १ मिलिव्होल्टची वाढ होईल. हाच आवाजाचा विद्युत्‌संदेश.

परंतु या धारित्राची धारकता इतकी अल्प असते, की त्याला थेट लांब तार जोडली तर संदेश वाटेतच नाहीसा होईल. म्हणून माईकच्या डबीतच एक फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. त्याला काम करण्यासाठी बाहेरून थोडा विद्युत्‌प्रवाह लागतो. म्युझिक सिस्टिम हा प्रवाह एका रोधामधून त्याच तारेवाटे पाठवते. एकाच तारेतून वीज आत जाते आणि आवाज बाहेर येतो! ही गोष्ट लक्षात ठेवा. दोष शोधताना हीच आपली मोठी साक्षीदार ठरणार आहे.

चाचणी निवडण्याचा नियम

कोणतीही चाचणी करण्यापूर्वी स्वतःला विचारा : उत्तर ‘होय’ आले तर कोणत्या कड्या निर्दोष ठरतील? ‘नाही’ आले तर कोणत्या संशयित राहतील? दोन्ही उत्तरांनी संशयितांची यादी तशीच राहणार असेल, तर ती चाचणी व्यर्थ आहे.

‘ब्लूटूथवर गाणी छान वाजतात, म्हणजे यंत्रणा ठीक आहे,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु गाणी फोनकडून गाडीकडे येतात. माईकचा रस्ता नेमका उलट दिशेचा आहे. शिवाय ब्लूटूथमध्ये गाण्यांसाठी व संभाषणासाठी वेगवेगळ्या व्यवस्था असतात. तेव्हा गाणे वाजले काय आणि न वाजले काय, माईकविषयी काहीच कळत नाही. याउलट, पलीकडच्याचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, ही नोंद मोलाची आहे. त्यावरून संभाषणाचा दुवा जुळलेला आहे एवढे तरी निश्चित होते.

साखळीचे दोन भाग करा

सर्वांत आधी ‘म्यूट’चे बटण चुकून दाबले गेले आहे काय ते पाहा. मग पुढील क्रमाने जा. गाडी अर्थातच सुरक्षित जागी उभी असावी.

पहिली चाचणी : ब्लूटूथ बंद करून फोन हातात घेऊन बोला. पलीकडे ऐकू गेले, तर फोनचा स्वतःचा माईक व दूरध्वनीचे जाळे निर्दोष.

दुसरी चाचणी : काही गाड्यांत आवाजी आज्ञा स्वीकारण्याची सोय असते. ही सोय गाडीच्याच यंत्रणेची असेल, तर फोन न जोडता एखादी आज्ञा द्या. गाडीला ती समजली, तर १ ते ४ या कड्या एका फटक्यात सुटल्या. समजली नाही, तर दोष त्या चारांतच असण्याचा संभव मोठा.

तिसरी चाचणी : दुसऱ्या कोणाचा फोन गाडीला जोडून बोला. तो चालला, तर दोष पहिल्या फोनच्या जोडणीत आहे. गाडी व फोन दोन्हींतून जुनी जोडणी पुसून ती नव्याने करावी.

या रीतीत साखळी दरवेळी साधारण मध्यावर तोडली जाते. एकेक कडी तपासत गेल्यास ६४ कड्यांच्या साखळीत ६३ चाचण्या लागू शकतील. निम्मे निम्मे करत गेल्यास ६ पुरतात, कारण २ चा सहावा घात ६४ होतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फोन आणि माईक एकदमच बदलले आणि आवाज आला, तर कशामुळे आला हे कधीच कळणार नाही.

लक्षणे काय सांगतात?

दरवेळी संपूर्ण शांतताच असते असे नाही. इतर तक्रारीही बोलक्या असतात.

आवाज क्षीण येतो : प्रथम माईकची जाळी पाहा. धूळ किंवा साफसफाईच्या पॉलिशचा थर छिद्रे बुजवतो. मऊ, कोरड्या ब्रशने ती झाडावीत. टाचणी घालू नये, पडदा फाटेल. वेगळा माईक बसवला असेल, तर तो चालकापासून किती दूर आहे तेही पाहा. अंतर ३० सेंटिमीटरऐवजी ६० केले, तर थेट येणाऱ्या ध्वनीची तीव्रता सुमारे एक-चतुर्थांश होते.

खड्ड्यात आवाज तुटतो : तार किंवा जोडणी सैल आहे.

पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो : येथे माईक निर्दोष आहे! स्पीकरमधून निघालेला आवाज माईकने टिपला, म्हणून तर तो परत गेला. स्पीकरचा आवाज कमी करून पाहावे. दोष प्रतिध्वनी काढणाऱ्या व्यवस्थेत शोधावा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी : हा गाडीच्या अल्टरनेटरचा उपद्रव असू शकतो. अल्टरनेटरची त्रिकला वीज सहा डायोडांनी एकदिश केली, तरी तीत बारीक लहरी उरतात. समजा, इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेते आणि अल्टरनेटर त्याच्या अडीचपट वेगाने फिरतो. म्हणजे मिनिटाला २,२५०, सेकंदाला ३७.५ फेरे. चुंबकध्रुवांच्या ६ जोड्या असल्यास विजेची वारंवारता २२५ हर्ट्‌झ आणि लहरींची त्याच्या सहापट, म्हणजे १,३५० हर्ट्‌झ. ही आपल्या कानाला सहज ऐकू येणारी शिट्टी झाली. इंजिनाचा वेग दुप्पट केला, की ती २,७०० हर्ट्‌झ होईल. इंजिन बंद करताच शिट्टी थांबली, तर माईकच्या तारेचे विद्युत्‌कवच किंवा भूयोजन तपासावे.

व्होल्टमीटरची साक्ष

संशय माईक किंवा तारेवर आला, तर मल्टिमीटर काढावा. समजा, म्युझिक सिस्टिमच्या आत ५ व्होल्टचा पुरवठा आहे व तो २,२०० ओहमच्या रोधातून माईकला जातो. चांगला माईक ०.३ मिलिअँपिअर प्रवाह घेतो असे धरू. ओहमच्या नियमाने रोधावर ०.०००३ × २२०० = ०.६६ व्होल्ट खर्च होतील. म्हणून म्युझिक सिस्टिमच्या टोकाशी, माईक जोडलेला असताना, ४.३४ व्होल्ट दिसले पाहिजेत. आता तीन शक्यता पाहा.

पूर्ण ५ व्होल्ट दिसले : प्रवाह वाहतच नाही, मंडल कोठेतरी तुटले आहे. आता माईकच्या टोकाशी मोजा. तेथे शून्य आले तर तार तुटली आहे. तेथेही ५ आले तर माईकच तुटला आहे.

शून्य व्होल्ट दिसले : माईकची जोडणी म्युझिक सिस्टिमपासून सोडवा. लगेच ५ व्होल्ट आले, तर तारेत किंवा माईकमध्ये दोन टोके एकमेकांस चिकटली आहेत. तरीही शून्यच राहिले, तर पुरवठाच नाही, म्हणजे दोष म्युझिक सिस्टिममध्ये आहे.

४.३४ च्या आसपास दिसले : माईकच्या ट्रान्झिस्टरपर्यंत विजेचा रस्ता सलग आहे. आता संशय छिद्रे बुजण्यावर, पडद्यावर किंवा पुढच्या मंडलांवर जातो. तशाच प्रकारचा चांगला माईक तात्पुरता लावून पाहावा.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत. काही गाड्यांच्या माईकमध्ये स्वतंत्र विवर्धक असतो. तेथे विभवांतर व प्रवाह वेगळे असतात, पण युक्तिवाद तोच राहतो.

एक ताकीद मात्र अवश्य पाळा. माईकची तार बहुधा समोरच्या काचेलगतच्या खांबातून खाली येते, आणि अनेक गाड्यांत त्याच आवरणामागे व छताच्या कडेला एअरबॅग असतात. ती आवरणे विद्यार्थ्यांनी उघडू नयेत. ते काम जाणकार कारागिराचे आहे. आपण दोष कोठे आहे हे सांगू शकलो, तरी अर्धे काम झाले.

करून पाहा

हाच युक्तिवाद शाळेच्या प्रयोगशाळेत निर्धोकपणे पडताळता येतो. साहित्य : इलेक्ट्रेट माईकची एक सुटी डबी, २,२०० ओहमचा रोध, १.५ व्होल्टचे दोन सेल, मल्टिमीटर. सेल एकसरीत जोडा. धनाग्रापासून रोध, रोधापासून माईकचे धन टोक आणि माईकच्या धातूच्या डबीशी जोडलेले टोक ऋणाग्राला, अशी जोडणी करा. माईकच्या दोन टोकांमधील विभवांतर तीन वेळा मोजा : माईक जोडलेला असताना, एक टोक सोडवून, आणि दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांस जोडून. पहिल्या वाचनावरून प्रवाह काढा. उदाहरणार्थ, पुरवठा ३ व्होल्ट व वाचन २.४ असेल, तर प्रवाह ०.६ ÷ २२०० अँपिअर, म्हणजे सुमारे ०.२७ मिलिअँपिअर.

नंतर एका मित्राने मंडल पेटीखाली झाकून त्यात गुपचूप एक दोष करावा. इतरांनी केवळ बाहेर काढलेल्या दोन तारांवर मोजून तो ओळखावा. शिक्षकांनी गुण देताना ‘दोष सापडला का’ यापेक्षा ‘किती चाचण्यांत सापडला आणि प्रत्येक चाचणी का केली’ हे विचारावे.

स्वाध्याय

१. पुरवठा ८ व्होल्ट, रोध ६८० ओहम आणि माईकवरील वाचन ६.३ व्होल्ट आहे. माईक किती प्रवाह घेतो?
२. वरच्या उदाहरणातील इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेऊ लागले, तर शिट्टीची वारंवारता किती होईल?
३. एका गाडीत आवाजी आज्ञा फोन न जोडताही नीट समजतात, परंतु कोणताही फोन जोडला तरी पलीकडे काही ऐकू जात नाही. कोणत्या कड्या निर्दोष ठरल्या? पुढची चाचणी कोणती कराल, आणि का?