लॅपटॉपचा ध्वनी रिसीव्हरवर : दोष कसा शोधावा?

माहितीपट चालू असताना संगीत घुमावे आणि निवेदन मात्र ऐकू येऊ नये, असा प्रसंग घरी वा शाळेच्या सभागृहात उद्भवू शकतो. अशा वेळी यंत्र बिघडले असे ठरविण्यापूर्वी ध्वनीचा मार्ग क्रमाने तपासणे इष्ट होय.

५.१ पद्धतीत पुढे तीन, बाजूंस वा मागे दोन ध्वनिक्षेपक व खर्जासाठी एक सबवूफर असतो. संवाद प्रामुख्याने पुढील मधल्या ध्वनिक्षेपकातून येतात. त्याची तार निसटली, की संवादच हरपतात.

प्रथम मूळ ध्वनिमुद्रण पाहावे. ते दोनच मार्गांचे असल्यास मागील ध्वनिक्षेपक मूक राहणे हा बिघाड नव्हे. त्यानंतर लॅपटॉपच्या ध्वनी-सेटिंगमध्ये रिसीव्हरची निवड झाली आहे काय, हे पाहावे. विंडोज प्रणालीत ५.१ रचना निवडून प्रत्येक ध्वनिक्षेपकाची स्वतंत्र चाचणी घेता येते. एकच मूक असल्यास त्याची तार तपासावी. सर्वच मूक असल्यास दोष बहुधा निवडीत असतो.

जोडतारेचा प्रकारही महत्त्वाचा आहे. २००२ मध्ये आलेल्या एचडीएमआय पद्धतीतून असंक्षिप्त ध्वनीचे आठ मार्ग जाऊ शकतात. ऑप्टिकल तारेतून दोनच. त्या तारेवर ५.१ हवे असल्यास डॉल्बी डिजिटल ध्वनी न उलगडता रिसीव्हरकडे पाठवावा लागतो.

प्रेक्षक खोळंबले असल्यास लॅपटॉप व रिसीव्हर या दोहोंवर ‘स्टिरिओ’ निवडावे. निवेदन पुढील दोन ध्वनिक्षेपकांतून ऐकू येईल. दुरुस्ती मागाहून सावकाश करता येईल.