हलका लॅपटॉप घेण्याआधी : किलोचा आणि रुपयांचा हिशोब



सोयाबीन-तुरीचे पैसे हातात आले की किंवा दहावी-बारावीचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात, "सर, पोराले कोनता लॅपटॉप घेऊ?" बरेचदा हा पैसा घरातल्या दुसऱ्या कामातून काढलेला असतो. म्हणून दुकानात जाण्याआधी कागदावर तुलना करू.

१. हलका कोणाला हवा?
अकोल्या-अमरावतीहून रोज गाडीवर किंवा एसटीने खेड्यातल्या शाळेत जाणाऱ्याला वजन जाणवतं. लॅपटॉप घरातल्या टेबलावरच राहणार असेल तर हलकेपणासाठी जास्तीचे पैसे कशाला? समजा, 'अ' लॅपटॉप १.७ किलोचा, ४२,००० रुपयांचा आणि 'ब' १.३ किलोचा, ५२,००० रुपयांचा आहे. ४०० ग्रॅम कमी करायला १०,००० रुपये, म्हणजे दर १०० ग्रॅमला २,५०० रुपये! हे उदाहरण चौथी-पाचवीच्या मुलांनाही सोडवायला द्या. वजन मात्र चार्जरसह धरा. जाहिरातीत बहुधा नुसत्या लॅपटॉपचंच असतं.

२. बॅटरी
"दहा तास चालते" यावर जाऊ नका, वॅट-अवर विचारा. ४५ वॅट-अवरची बॅटरी आणि सरासरी ९ वॅट खर्च असेल तर ४५ ÷ ९ = ५ तास. शाळेत लाईट गेली तर हाच आकडा कामी येतो. वजन कमी करताना काही मॉडेलमध्ये बॅटरीच लहान केलेली असते, ते तपासा.

३. रॅम आणि साठवण
पातळ लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा बोर्डवरच कायमची बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, जमल्यास १६ घ्या. साठवण एसएसडी हवी. स्वस्त मॉडेलमधली ईएमएमसी तिच्यापेक्षा हळू असते.

४. आपलं ऊन
मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. बहुतेक लॅपटॉप मात्र साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. काही हलक्या लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो. आवाज होत नाही, पण तापल्यावर ते स्वतःहून मंद होतात. बंद कारमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवू नका, उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते.

५. जोडण्या आणि कीबोर्ड
वर्गातला प्रोजेक्टर एचडीएमआयवर चालत असेल तर ते पोर्ट आहे का बघा. पातळ मॉडेलमध्ये नसलं तर वेगळं कन्व्हर्टर लागतं. टाइप-सीने चार्ज होणारा असेल तर उत्तम. दुकानातच मराठीत चार ओळी टाइप करून पाहा. युनिकोड मराठीची सोय विंडोजमध्ये आधीपासूनच असते, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

६. जुना घेताना
विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जवळपास नाहीतच. त्यामुळे दिसायला चकाचक, हलका आणि स्वस्त असला तरी आधी प्रोसेसरची पिढी विचारा.

७. दुरुस्ती
सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे, की नागपूरला जावं लागेल? अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून २५० च्या आसपास. वॉरंटीत घरी येऊन दुरुस्ती आहे का, हे लेखी घ्या.

करून पाहा : वहीत तक्ता आखा. उभ्या रकान्यांत तीन मॉडेल, आडव्या ओळींत चार्जरसह वजन, वॅट-अवर, रॅम, साठवण, पोर्ट, वॉरंटी आणि एकूण किंमत. हप्त्यावर घेणार असाल तर सगळे हप्ते आणि प्रोसेसिंग फी मिळून होणारी रक्कम लिहा. जी ओळ आपल्या कामाची नाही ती खोडा. उरलेल्या ओळींत जो पुढे, तोच आपला लॅपटॉप. मुलांना हा तक्ता स्वतः भरू द्या. पैसा कसा खर्चावा, हेही त्यांनी शिकायलाच हवं.